पाच बोटांचा बूट आणि माझी जोडवी

ज्या बायकांना सगळं वाचायला वेळ नाही, त्यांच्यासाठी मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. जोडवी घालून हा बूट पायात जात नाही.

डब्यावर मापांचा तक्ता आहे, धुवायचं कसं ते आहे, खडीवर, वाळूवर, ओल्या दगडावर चालणाऱ्या गोऱ्या पायांची चित्रं आहेत. जोडव्यांबद्दल एक अक्षर नाही. बुटाला हातमोज्यासारखे पाच बोटांचे पाच कप्पे. अंगठ्याशेजारच्या बोटाचा कप्पा इतका घट्ट, की साधं दोन वेढ्यांचं चांदीचं जोडवं असलं तरी बोट निम्म्यात अडकतं. जोर लावला की जोडवं मागं सरकून बोटाच्या मुळात रुततं. मी लावला जोर. मग तासभर पाय गार पाण्यात, आणि साबण लावून जोडवं काढायचा कार्यक्रम. आमचे हे समोर बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, फुकटात अनवाणी चालत होतीस ते काय वाईट होतं?"

बूट मुलानं पुण्याहून पाठवला. संक्रांतीला वाण आल्यासारखा खोक्यातून आला. किंमत ३,७९९ रुपये, ती मी खोक्यावर वाचली. त्यानं सांगितली नव्हती. फोनवर म्हणाला, "आई, बेअरफूट शूज आहेत. घातले की अनवाणीच असल्यासारखं वाटतं." चार हजार रुपये देऊन अनवाणी असल्यासारखं वाटून घ्यायचं! पण लेकराच्या मनात काळजी होती हे कळतं मला. म्हणून आठ महिने इमानदारीनं वापरला आणि मगच लिहायला बसले.

आता मी कोण ते सांगायला पाहिजे. बत्तीस वर्षं आरोग्यसेविका होते, औसा तालुक्यात. गावात मला नावानं कोणी ओळखत नाही, सगळ्यांची मी 'सिस्टर'. २०१९ ला निवृत्त झाले. त्या वर्षी नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहिले, कोजागिरीच्या पौर्णिमेला चालत तुळजापूरला गेले. परत येऊन चप्पल घातली तर पाय कुणीतरी बांधून ठेवल्यासारखे वाटले. काढली ती काढलीच. लोकांना वाटतं मोठा नवस आहे. पहिल्या वर्षी होता, आता सवय आहे. देवीला मध्ये ओढायचं कारण नाही.

गंमत अशी, की नोकरीत असताना मीच दारोदार सांगत फिरायचे, बायांनो, चप्पल घाला. आणि ते खरंच होतं. हुकवर्मची अळी घाण झालेल्या ओल्या मातीत असते, बोटांच्या बेचक्यातून कातडी भेदून आत शिरते. थोडी खाज येते, बाकी काही कळत नाही. मग ती आतड्यात जाऊन बसते आणि रक्त पीत राहते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सात निघायचं, लोहाच्या गोळ्या देऊन देऊन मी थकायचे, आणि बाई रोज पहाटे गावाबाहेर अनवाणी जायची. फेब्रुवारीत शाळेत जंताच्या गोळ्या वाटताना पोरांचे पाय बघायचे आधी, मग जीभ. तेव्हा अनवाणीपणाचं कौतुक मला कुणी शिकवू नये. मी सुद्धा गोठ्यामागं, नालीकाठी, एसटी स्टँडच्या मुतारीत अनवाणी जात नाही. त्यासाठी पिशवीत एकशेवीस रुपयांची रबरी स्लीपर असते. दर दहा वर्षांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेते, पूर्वीचं टीटी, आता टीडी. म्हणजे या बुटाची खरी स्पर्धा पायाशी नाही, त्या स्लीपरशी आहे. हे मुलाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता बूट. वजनाला हलका, दोन्ही मिळून एका आंब्याएवढे. वरून ताणलं जाणारं कापड, खाली चारेक मिलिमीटरचं रबर, टाच उचललेली नाही, मागं-पुढं सारखीच जाडी. दुमडला तर मुठीत मावतो. सहा वर्षं अनवाणी चालून माझी बोटं फाकलीत, त्यामुळे साध्या बुटात पाय जाऊच शकत नाही. यात गेला. जोडवी काढून का होईना, पण गेला. अंगठा, करंगळी, सगळी आपापल्या घरात. सुरुवातीला बोटांच्या मधल्या शिवणी टोचतात, पंधरा दिवसांत टोचायच्या थांबल्या.

पहिल्या दिवशी पारावरून गेले तर म्हातारी बायजा उठून उभीच राहिली. "अव सिस्टर, हे काय घातलाव? माकडाचे पाय आणलाव का कुठून?" पोरं मागं मागं शाळेपर्यंत आली.

खरी परीक्षा सुरू झाली नांदेडला. आमच्या भागात माणूस दिवसातून किती वेळा पायतलं काढतो हे मी जन्मात मोजलं नव्हतं. त्या दिवशी मोजलं. भाचीच्या घरी शिरताना एक. तिच्या सासूबाई पडून होत्या, त्यांना भेटायला शेजारच्या वाड्यात, दोन. कापडाच्या दुकानात गादीवर बसायचं, तीन. मारुतीचं देऊळ, चार. मग गुरुद्वारा, पाच. परत घर, सहा. रात्री गच्चीवर जेवायला बसलो, सात. हा बूट एकदा घालायला सुरुवातीला मला चार मिनिटं लागायची. खाली बसायचं, लुगडं सावरायचं, आधी अंगठा, मग करंगळी, मधली तीन बोटं चुकून एकाच कप्प्यात शिरली की पुन्हा पहिल्यापासून. आता दीड मिनिट लागतं. पण देवळाबाहेर बसायला जागा कुठं असते? पायरीवर बसलं की येणारे-जाणारे ओलांडून जातात. ज्यांनी हा बूट बनवला त्यांच्या देशात माणूस सकाळी बूट घालतो आणि रात्री काढतो, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. चप्पल नुसती झटकली की निघते, तशीच अंगठ्यानं ओढली की पायात. त्यात किती अक्कल आहे हे या बुटानं शिकवलं.

गुरुद्वाऱ्यातलं मात्र जरा सावकाश सांगते. सचखंड हुजूर साहिब म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला. मी लहानपणापासून जाते, लातूर-नांदेडच्या माणसाला तिथं जाण्यासाठी शीख असावं लागत नाही. डोक्यावर पदर, पाय उघडे, एवढंच. तिथं चप्पल ठेवायच्या जागेला जोडाघर म्हणतात. पैसे नाहीत, टोकन मिळतं, आणि आत उभी असलेली माणसं पगारी नसतात. सेवा म्हणून लोकांचे जोडे हातात घेतात. मी बूट काउंटरवर ठेवला. पलीकडे पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी. त्यांनी बूट उचलला, उलटा केला, एका कप्प्यात स्वतःचं बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "माताजी, ये पैरों के दस्ताने हैं क्या?" मी हसले. ते हसले नाहीत. खांद्यावरचं फडकं घेतलं आणि दहाही बोटांमधली धूळ एकेक करून पुसली. दोन बोटांच्या फटीत फडक्याचं टोक घालून, जसं आम्ही नव्या बाळाची बोटं पुसतो तसं. मागं रांग लागली होती. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की टोकन न घेताच मी पुढं निघाले, त्यांनी हाक मारून हातात दिलं.

पुढं दारात पाय धुवायला वाहतं पाणी. एप्रिलचं ऊन होतं, ओल्या पायांनी संगमरवरावर गेलं की तळव्यातून थेट डोक्यापर्यंत गार वाटतं. पांढरा दगड ऊन परतवतो, आमच्या काळ्या पाषाणासारखं पिऊन ठेवत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी काळ्या फरशीच्या देवळात प्रदक्षिणा घातलीय ज्यांनी, त्यांना हा फरक सांगायला नको.

इथंच एक गोष्ट जोडून टाकते, कारण याआधी सांगायला हवी होती. साखरेचा आजार असेल त्यानं अनवाणी चालू नये. ना हौसेनं, ना नवसानं. आमच्या ह्यांना साखर आहे. मी स्वतः अनवाणी, पण त्यांना मी देवळात सुद्धा मोजे घालूनच पाठवते. नोकरीत असताना एक गृहस्थ आले होते, दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड. दुपारी बारा वाजता प्रदक्षिणा घातली होती आणि चटका बसलेला त्यांना कळलाच नव्हता. नसा गेल्या की असंच होतं. दवाखान्यात नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून बघतात, लागतोय का कळतो ते. ती तपासणी करून घ्या. त्यांच्यासाठी हा बूटही नाही, रबर फार पातळ.

अजिंठ्याला फेब्रुवारीत गेलो होतो. चित्रांच्या लेण्यांत पायतलं बाहेर काढूनच जावं लागतं. पहिलं लेणं झालं, दुसरं झालं, सोळाव्याच्या दाराशी मी बूट काढला तो पिशवीत टाकला आणि परत येईपर्यंत बाहेर काढला नाही. बरोबरच्या बायका दर लेण्याबाहेर आपली चप्पल शोधत होत्या, मी सतराव्यात पुढं जाऊन उभी. अनवाणी माणसाचं तिथं राज्य.

आता शेत. आमची जमीन काळी, कसदार. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुलैमध्ये सोयाबीनच्या रानात चप्पल घालून चालून बघा. दर पावलाला माती चढते, दहा पावलांत माणूस वीतभर उंच होतो, विसाव्या पावलाला चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढं येतो. म्हणून तर पावसाळ्यात रानात सगळेच चपला हातात धरतात. बूट काय करतो हे बघायला मी मुद्दाम गेले. पाय बाहेर येत नाही, हे खरं. पट्टा घट्ट आहे. पण पाच बोटांच्या चार फटी दोन्ही पायांना, आठही फटींत चिखल ठासून भरला आणि प्रत्येक बोटाचं एकेक ढेकूळ झालं. बांधावर गवतात पाय घासला तर माझा पाय दोन मिनिटांत स्वच्छ होतो. बूट घरी आणून बादलीत भिजत घातला, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासला, आणि सततच्या पावसात तो तीन दिवस वाळला नाही. चौथ्या दिवशी जो वास आला त्याचं वर्णन करत नाही, आमच्या ह्यांनी तो बूट तुळशीपाशी ठेवायला बंदी केली एवढं सांगते.

काट्यांचं वेगळं गणित आहे. तुरीचं धसकट खाली आलं तर रबर वाचवतं. दाबल्यासारखं लागतं, आत जात नाही. सराटे तर कळत सुद्धा नाहीत, त्याला पैकीच्या पैकी. बाभळीचा काटा मात्र ट्रॅक्टरच्या टायरला ऐकत नाही, तो या रबराला काय ऐकणार? सरळ आला. आणि बुटातून आलेला काटा उघड्या पायातल्या काट्यापेक्षा वाईट. उघड्या पायात मोडला तर आपण तिथंच बसतो, काढतो, घरी आल्यावर रुईचा चीक नाहीतर बिब्ब्याचा चटका अशी आमच्या आईची पद्धत, मी आपली स्वच्छ सुई आणि आयोडीन वापरते. बुटात तो रबरात रुतून राहतो आणि दर पावलाला त्याच जागी पुन्हा टोचतो. मला वाटलं खडा आहे. घरापर्यंत तशीच आले.

उघड्या पायांनी चालताना माणूस खाली बघून चालतो, पाऊल आखूड टाकतो, टाच आपटत नाही. बूट घातला की दुसऱ्याच दिवशी माझी नजर वर गेली. बरं वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू. सहा वर्षांनी एसटीतून उतरल्यावर समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचल्या.

आणि मे महिना. लातूरला पारा बेचाळीसला टेकला होता, स्टँडसमोरचं डांबर मऊ पडलं होतं. अनवाणी चालणाऱ्यांची एक युक्ती असते, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायचं, तिथं चटका कमी बसतो. पण पट्टा सगळीकडे नसतो आणि ट्रकवाल्याला तुमच्या पट्ट्याचं काही पडलेलं नसतं. इथं हा बूट खरोखर कामाला आला. औसा नाक्यापासून बहिणीच्या घरापर्यंत भर दुपारी चालत गेले, ऊब लागली, भाजलं नाही. मे महिन्यात डांबरावर, एवढ्यापुरतं मी मुलाला फोन करून चांगलं म्हटलं. पण स्लीपर घातली असती तर ऊबही लागली नसती, हे त्याला सांगितलं नाही.

खोक्यावर लिहिलंय, पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात. अमेरिकेत असेच बोटांचे बूट करणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीवर याच दाव्यांवरून खटला झाला, पुरावा नाही म्हणून. २०१४ मध्ये तिनं साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड केली. मला ते मुलानंच वाचून दाखवलं, बूट पाठवल्यानंतर! इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला ते खरं, पण त्याचे पाय लहानपणापासूनचे तसे होते. चाळीस वर्षं बुटात काढलेल्या माणसानं एका दिवसात त्याची बरोबरी करायला जाऊ नये. हळूहळू, आधी अंगणात.

मग हा बूट आहे तरी कुणासाठी? याचं उत्तर मला लातुरातल्या एका एसी हॉटेलच्या दारात मिळालं. गेल्या वर्षी पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते, पैठणी नेसून, अनवाणी. दारातला पोरगा म्हणाला, "मावशी, चप्पल घालून या." मी म्हटलं नाही घालत. तो म्हणाला, "मग मॅनेजरला विचारावं लागंल." आतून पुतण्या येईपर्यंत मी दारात, आणि माझ्यासमोरून डोक्याएवढ्या टाचांच्या पोरी आत. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन, हिंदी कवी मुक्तिबोध १९६४ ला वारले तेव्हापासून अनवाणी राहायचे, आणि त्यांनाही क्लबाच्या दारातून परत पाठवलं होतं. मी तर साधी नर्सबाई. पण २०२१ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या झाडं लावणाऱ्या तुळसी गौडा राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला अनवाणीच गेल्या होत्या, सगळ्या देशानं पाहिलं. राष्ट्रपती भवनाच्या गालिच्याला चालतं ते आमच्या लातूरच्या हॉटेलच्या फरशीला का चालू नये?

यंदा जूनमध्ये त्याच हॉटेलात बारसं होतं. मी हा बूट घालून गेले. जोडवी पर्समध्ये. दारातल्या पोरानं पायाकडं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि दार उघडलं. काय बघितलं ते त्याला कळलं नव्हतं, पण 'चप्पल घातलीय' या रकान्यात टिक करायला पुरेसं होतं. पायाला या बुटाची फारशी गरज नाही. दाराला आहे.

पण जोडवी पर्समध्ये ठेवून बारशाला जायचं म्हणजे, चार बायकांनी विचारलं. एकीनं तर "सगळं बरंय ना घरी?" असं हळूच विचारलं. ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले.

तारे द्यायचे झाले तर पाचपैकी साडेतीन बोटं. साडेतीन हा आकडा आमच्याकडं तुळजापूरपासून मोठाच मानतात, त्यामुळे कंपनीनं वाईट वाटून घेऊ नये. डांबर आणि दारवान यांच्यासाठी घ्या. रानासाठी घेऊ नका, तीर्थयात्रेसाठी तर अजिबात नको. गुडघे दुखत असतील, खाली बसता येत नसेल, तर ३,७९९ रुपयांत कितीतरी चांगल्या चपला येतात.

घटस्थापना आठ दिवसांवर आल्यावर बूट घेऊन औशाच्या स्टँडजवळच्या मोच्याकडे गेले. त्याला जोडव्यांची अडचण सांगितली. त्यानं बूट हातात धरून बराच वेळ बोटं मोजली, मग म्हणाला, "मावशी, एक बोट भायेर काढू का?" दोन्ही बुटांचा अंगठ्याशेजारचा कप्पा पुढून कापला, कापलेली कड आत दुमडून काळ्या दोऱ्यानं शिवली, खालचं रबर तसंच ठेवलं. आता ते बोट जोडव्यासकट बाहेर असतं, बाकीची चार आपल्या घरात. चाळीस रुपये घेतले. वॉरंटी गेली म्हणून मुलगा फोनवर चिडलाय.